अनोळखी कुपी : ‘रोग’ या खेळातील निवडीचा विचार

कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी ठिकठिकाणच्या पायी दिंड्या कपिलधारला येतात. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात, धबधब्याशेजारी हे स्थान आहे. अशा एका दिंडीत मी चाललो होतो. पायाला फोड आले, तरी पिशवीतले मलम ‘पुढे लागेल’ म्हणून राखून ठेवले. ते घरी परतल्यावरच उघडले. त्या चुकीचा अर्थ मला पुढे एका संगणकीय खेळाने समजावला.

‘रोग’ हे त्याचे नाव. इंग्रजीत अर्थ भामटा. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी तो 1980 च्या सुमारास रचला. पडद्यावर चित्रे नाहीत, अक्षरे आहेत. खेळाडू म्हणजे ‘@’ हे चिन्ह, राक्षस म्हणजे ए ते झेड. सव्विसाव्या तळघरातला ताईत घेऊन वर यायचे. मेलात की पुन्हा पहिल्यापासून, आणि तळघरांची रचनाही दर वेळी नवी.

या खेळाची चर्चा बहुधा त्याच्या कठीणपणाभोवती फिरते. माझ्या मते त्याचे मर्म सामानात आहे. सापडलेली कुपी ‘निळी’ एवढेच कळते. ती जखम भरील की आंधळे करील, हे बहुधा प्यायल्यावरच समजते. आणि नव्या डावात निळ्याचा अर्थ बदलतो. चिलखत शापित निघाले तर अंगावरून उतरत नाही. म्हणून जाणता खेळाडू अनोळखी कुपी वरच्या मजल्यावर, अंगात ताकद असताना, जिन्याजवळ उभा राहून पितो. एकाच रंगाच्या दोन असतील तर एक खर्चून दुसरीचा गुण जाणून घेतो. अनेक शत्रू आले तर बोळात सरकतो, म्हणजे एका वेळी एकाशीच गाठ पडते. शिदोरी संपत असते, त्यामुळे प्रत्येक खोली धुंडाळणेही परवडत नाही. नवखा मात्र सारे संकटासाठी साठवतो आणि भरल्या पिशवीनिशी मरतो.

‘रोग लेगसी’ (2013) या पुढच्या पिढीतल्या खेळात मेलेल्या वीराचे सोने वारसाला मिळते व त्यातून तो कायमचे बळ विकत घेतो. यामुळे कमी सवड असलेल्यांनाही शेवट गाठता येतो, हा लाभ खराच. पण तिथे पराभवही थोडा मिळकतीचा होतो आणि हातातल्या निवडीची धार बोथट होते. ‘रोग’मध्ये मरणापलीकडे येते ते फक्त खेळाडूचे शहाणपण. तलवार मागेच राहते.

म्हणूनच मी ‘रोग’ला अधिक प्रामाणिक मानतो. राखलेल्या वस्तूला तो मोल देत नाही. मोल आहे ते योग्य वेळी खर्चण्याला. ते मलम मी फोड आले त्याच मुक्कामी लावायला हवे होते.