फायद्याचा खेळ

आमच्या वाड्यातल्या क्रिकेटमध्ये घरमालकाच्या गच्चीवर चेंडू गेला की बॅट्समन आउट. शिवाय चेंडू आणायलाही त्यानंच जायचं. या कायद्यावर माझा पिंड पोसलेला असल्यामुळे आल्बर्ट ट्रॉटवर माझं पहिल्यापासून चोरटं प्रेम आहे. ३१ जुलै १८९९ रोजी एम. सी. सी.कडून खेळताना त्यानं ऑस्ट्रेलियाच्या मॉन्टी नोबलचा चेंडू लॉर्ड्‌सच्या पॅव्हेलियनवरून पलीकडे भिरकावला. ते आजतागायत दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. आमच्या वाड्यात असता तर आउट!

क्रिकेटवर लिहिणाऱ्या पंतोजींनीही त्याला आमच्याच कायद्यानं आउट दिला आहे. त्यांचं म्हणणं, त्या एका फटक्यानं गडी बिघडला. पुढं प्रत्येक चेंडू गच्चीवर मारायला गेला आणि वाया गेला. ऐकायला बरं वाटतं. मुलांना सांगायला तर फारच बरं. पण आकड्यांची वही उघडली की पंचाईत होते. १८९९ च्या मोसमात धावा ११७५, बळी २३९. आणि ‘बिघडल्यानंतर’, १९०० साली? धावा १३३७, बळी २११! असं बिघडायला मी एका पायावर तयार आहे.

माझ्या मते ट्रॉटचा दोष फटक्यात नव्हता, हिशेबात होता. आपलं काम आणि आपला फायदा यांची सांगड त्याला जन्मात घालता आली नाही. गडी मूळचा मेलबर्नचा. १८९५ साली ॲडलेडला पहिल्याच कसोटीत दोन्ही डावांत नाबाद राहिला, वर ४३ धावांत ८ बळी घेतले. बक्षीस काय, तर १८९६ च्या इंग्लंड दौऱ्यातून वगळला. आणि त्या संघाचा कप्तान कोण झाला, तर सख्खा थोरला भाऊ हॅरी! (आपल्याकडे भाऊ कप्तान म्हटल्यावर मेव्हण्याचासुद्धा नंबर लागला असता.) मग हा आपला आपण इंग्लंडला गेला आणि मिडलसेक्सचा पगारी खेळाडू झाला.

१९०७ साली लॉर्ड्‌सवर त्याचा बेनिफिट सामना झाला. जुन्या संगीत नाटक मंडळ्या एखाद्या नटाच्या फायद्याचा खेळ लावत, त्यातलाच प्रकार. उत्पन्न गड्याचं, म्हणजे खेळ लांबेल तेवढा गल्ला जास्त. आता शहाण्या माणसानं अशा वेळी जरा बेतानं गोलंदाजी करावी की नाही? ट्रॉटनं सॉमरसेटच्या दुसऱ्या डावात ओळीनं चार चेंडूंवर चार बळी घेतले. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून त्याच डावात आणखी एक हॅटट्रिक! (एका डावात दोन हॅटट्रिक आपल्या सेनादलाच्या जोगिंदर राव यांनीही १९६३-६४ च्या रणजी मोसमात घेतल्या, पण त्यात त्यांचा गल्ला बुडाला नाही.) २० धावांत ७ बळी, सॉमरसेट सर्वबाद ९७, सामना लवकर खलास. स्वतःच्या फायद्याच्या खेळात खलनायकाला दुसऱ्याच अंकात मारून पडदा पाडणारा नट मी तरी ऐकलेला नाही. पंतोजी याला उधळेपणा म्हणतील. मला मात्र वाटतं, विकेट समोर दिसत असताना पैसे मोजत बसणं त्याला सुचलंच नसावं.

१९१० नंतर खेळ सुटला. थोडे दिवस पंचगिरी केली. दारू होती, आजारपण होतं. ३० जुलै १९१४ रोजी लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत त्यानं आपलं आयुष्य संपवलं. वय ४१. फटक्याला पंधरा वर्षं पुरी व्हायला एक दिवस कमी. मृत्युपत्र धोब्याच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं होतं. कपडालत्ता आणि चार पौंड, घरमालकिणीला.