काचेला खाच नसते

हे परीक्षण मीच बनवलेल्या एका वस्तूचं आहे, त्यामुळे मी निःपक्षपाती असेन अशी अपेक्षा ठेवू नका. वस्तू छोटीच आहे. तळहाताएवढा पिवळा सर्किट बोर्ड, त्यावर २.८ इंची टचस्क्रीन, मागे बॅटरी, आणि हे सगळं थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या काळ्या डबीत. स्क्रीनवर बोट सरकवलं की खोलीच्या दुसऱ्या टोकाला रुळांवर उभं असलेलं खेळण्यातलं इंजिन चालायला लागतं. 'खेळण्यातलं' हा शब्द क्लबात उच्चारायची सोय नाही, पण इथे आपण आपल्यात आहोत.

क्लब जर्मनीत, श्टुटगार्टपासून लोकलने अर्ध्या तासावर. मी पुण्याची. कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय लहानपणी दोनदा पाहिलेलं, आणि दोन्ही वेळा गाड्यांपेक्षा 'हे चालवतंय कोण?' हाच प्रश्न डोक्यात घेऊन परतलेली. त्यामुळे ऑफिसातल्या एकाने आमच्या क्लबात ये म्हटल्यावर मी लगेच गेले. तिथे सगळ्यात जुने सभासद म्हणजे एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर. खऱ्या इंजिनांचे. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणते. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे अहो आणि 'डू' म्हणजे अरे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला 'डू' म्हण म्हणून सांगितलं. जर्मन बोलताना म्हणतेही. मराठीत मात्र माझी लेखणी तेवढी रेटत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी माझी डबी पहिल्यांदा त्यांच्या हातात दिली. ते एक मालडबा हळूच मागे ढकलत दुसऱ्या डब्याला जोडत होते. मुंगीच्या चालीने, नजर दोन डब्यांमधल्या फटीवर. वेग थोडा कमी करायला त्यांनी स्क्रीनकडे न बघता अंगठा टेकवला. तो स्लायडरच्या वरच्या टोकाजवळ पडला. माझ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता: मालकांना वेग शंभर हवाय. इंजिन उसळलं, डबे शेवटच्या बफरवर आदळले, आणि त्यांनी स्वतः पितळी पत्रा कापून, डाग देऊन बनवलेला डबा टेबलावरून खाली फरशीवर पडला.

ते रागावले नाहीत. माझी डबी कडेला ठेवली, भिंतीवरचा वायरवाला जुना कंट्रोलर घेतला आणि उरलेलं काम पूर्ण केलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता या डबीत नेमकं काय चुकलं ते पाहू. त्यासाठी थोडं आतलं सांगावं लागेल. पूर्वी मॉडेल रेल्वेत रुळांमधला व्होल्टेज कमीजास्त केला की गाडीचा वेग बदलायचा, म्हणजे एका रुळावरच्या सगळ्या गाड्या एकदमच पळायच्या. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने डीसीसी नावाचं मानक ठरवलं. त्याचं मूळ जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामात. यात रुळांतून कायम पूर्ण वीज खेळते आणि त्याच विजेवर स्वार होऊन आकडे जातात. वीज मिनिटाला लाखो वेळा दिशा बदलते. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो एक, शंभर किंवा जास्त मायक्रोसेकंदांची असेल तर शून्य. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डिकोडर बसलेला असतो. तो सगळ्यांच्या नावाची पत्रं ऐकतो आणि फक्त आपल्या पत्त्याचं पत्र उघडतो. चाळीतल्या पोस्टमनला यापेक्षा जास्त कष्ट पडत.

माझी डबी रुळांशी थेट बोलतच नाही. ती वायफायवरून क्लबातल्या जुन्या लॅपटॉपवर चालणाऱ्या जेएमआरआय या सॉफ्टवेअरला निरोप देते आणि ते पुढे रुळांत पोचवतं. जेएमआरआय हे फुकट आणि मुक्तस्रोत आहे. (ज्यांना ट्रेनमध्ये रस नाही त्यांच्यासाठी: मुक्तस्रोत परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, हे अमेरिकेतल्या अपील कोर्टाने २००८ साली याच सॉफ्टवेअरच्या खटल्यात सांगितलं. आपण सगळे ज्या परवान्यांवर पोट भरतो, त्यांना एवढं कायदेशीर बळ छोट्या आगगाड्यांमुळे मिळालं.) निरोपाची भाषा अगदी सोपी: इंजिनाचा पत्ता आणि वेगाचा आकडा, ० ते १२६.

इथेच माझी चूक लपली आहे. माझा स्लायडर २०० पिक्सेल उंच होता. त्या स्क्रीनवर २०० पिक्सेल म्हणजे जेमतेम ३६ मिलिमीटर. त्यात १२६ पायऱ्या बसवल्या, म्हणजे एका पायरीला पाव मिलिमीटरहून जरा जास्त जागा. माणसाचं बोट टेकतं तेव्हा ते साधारण दहा मिलिमीटर जागा व्यापतं. हा हिशोब मी आधी केला नव्हता, कारण माझ्या टेबलावर सगळं छान चालत होतं. माझं वय अठ्ठावीस, नजर स्क्रीनवर, समोर गाडी एकच, आणि ती माझीच. डेमो नेहमी अशाच परिस्थितीत होतात.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यावर आपण स्लायडर ओढतो तेव्हा जे बदलायचं असतं तेही त्याच काचेवर असतं. व्हिडिओ पुढे ढकलला, दिसलं, नाही जमलं, परत ढकलला. डोळा आणि बोट एकाच जागी. थ्रॉटलचं तसं नाही. तिथे डोळे गाडीवर असतात, आणि असायलाच हवेत. हाताला आपलं आपण कळलं पाहिजे की आपण कुठे आहोत. काच हाताला काहीच सांगत नाही. ती वर गुळगुळीत, खाली गुळगुळीत, शून्यावर गुळगुळीत आणि शंभरावरही गुळगुळीतच.

हे फक्त खेळापुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मॅक्केन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मेले. तिचा थ्रॉटल टचस्क्रीनवर होता. दोन्ही बाजूंच्या पंख्यांचे थ्रॉटल एकत्र जोडलेले आहेत अशा समजुतीत वेग कमी केला गेला. प्रत्यक्षात ते सुटे झाले होते, एकाच बाजूचा पंखा मंदावला आणि जहाज वळत गेलं. कारणं अनेक होती, प्रशिक्षण आणि थकवा धरून. पण चौकशीत त्या काचेवरही बोट ठेवलं गेलं: खरे दांडे असते तर दोन दांडे दोन जागी आहेत हे अंधारात हातालाही कळलं असतं. २०१९ मध्ये नौदलाने अशा नौकांवर पुन्हा यांत्रिक थ्रॉटल बसवायचं ठरवलं. हा अहवाल मी पितळी डबा पडल्यानंतरच्या आठवड्यात वाचला, आणि माझ्या स्लायडरचा कोड पुन्हा उघडायला मला दोन दिवस लागले.

खऱ्या इंजिनात काय असतं? आपल्याकडच्या जुन्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाच्या थ्रॉटलला आठ खाचा असतात. फक्त आठ. दांडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जाताना मनगटाला झटका देतो. आजोबांच्या हातांना तीस वर्षं असल्या झटक्यांची सवय. मी त्यांना १२६ पायऱ्या दिल्या आणि त्यातली एकही जाणवणार नाही याची व्यवस्था केली.

भिंतीवरचा तो वायरवाला कंट्रोलर म्हणजे 'फ्रेड'. फ्रेमो या युरोपियन मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेतला घरगुती प्रकार. नावाचा अर्थच 'फ्रेमोचं साधं फिरवायचं बटण'. एक गोल बटण, दिशेची खिट्टी, असा छोटासा संसार. याच घराण्यातला बिनतारी भाऊ म्हणजे 'वायफ्रेड'. तोही माझ्या डबीसारखाच वायफायवरून तीच भाषा बोलतो, पण त्याला स्क्रीनच नाही. चार इंजिनांसाठी चार खिट्ट्या, वेगासाठी गोल बटण. आधी मला तो मागासलेला वाटायचा. आता वाटतं, बनवणाऱ्याने स्क्रीन लावता येत असूनही लावली नाही, आणि यासाठी माझ्यापेक्षा जास्त विचार लागतो.

तरी मी स्क्रीनची बाजू पूर्ण सोडणार नाही. गोल बटणवाल्यांचा एक अहंकार असतो, आणि तोही तपासायला हवा. फ्रेडवर कोणतं इंजिन जोडलंय हे फ्रेड सांगत नाही. चिठ्ठी चिकटवावी लागते. चुकीचं इंजिन चालू होण्याचे प्रकार मी तिथेही पाहिलेत. शिवाय आजच्या डिकोडरमध्ये दिवे, शिट्टी, इंजिनाचा आवाज अशी दोन डझन फंक्शन्स असतात आणि 'एफ १७ म्हणजे काय बरं?' हे कुणालाच आठवत नाही. तिथे स्क्रीनवर 'शिट्टी' असं लिहिलेलं असणं ही मोठी सोय आहे. निवडायचं असेल, वाचायचं असेल, तर काच उत्तम. सतत धरून ठेवायचं असेल तर काच वाईट. माझा दोष हा की मी दोन्ही कामं एकाच काचेला दिली, कारण ती माझ्याकडे आयती होती आणि बटण विकत घ्यायला लागलं असतं.

एक गोष्ट मात्र मला कुणी न शिकवता बरोबर मिळाली, कारण ती त्या भाषेतच होती. जेएमआरआय सुरुवातीला सांगतं: दर दहा सेकंदांत मला खूण पाठव. खूण थांबली, म्हणजे बॅटरी संपली किंवा वायफाय गेलं, की तुझ्या ताब्यातली इंजिनं थांबवली जातात. खऱ्या इंजिनातही ड्रायव्हरने बराच वेळ काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा, मग भोंगा, मग ब्रेक. आजोबांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग विचारलं, "आणि माणूस झोपलाय, पण डबी जागी आहे, तर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डबी स्वतःच खूण पाठवते, तिला धरणारा जिवंत आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही.

दुसरी आवृत्ती या वसंतात झाली. स्क्रीन राहिली, पण फक्त इंजिन निवडायला आणि फंक्शन्ससाठी. वेगाला बाजूला एक एन्कोडर लावला, खाचांचा, प्रत्येक खाचेला चार पायऱ्या. साधं पोटेन्शिओमीटर का नाही? कारण इंजिन बदललं की बटण जुन्याच जागी राहतं, आणि नव्या इंजिनाचा वेग वेगळा असतो. मग कुणाचं खरं मानायचं? एन्कोडरला स्वतःची जागा नसते, तो फक्त 'एक वर, एक खाली' एवढंच सांगतो. पण याचा तोटाही आहे: शून्य कुठे आहे ते हाताला कळत नाही. म्हणून बटण दाबलं की गाडी थांबते, वेग कितीही असो. जोरात दाबलं तरी आणि घाबरून दाबलं तरी.

आजोबांनी ती मागच्या मंगळवारी वापरली. बराच वेळ. खाचा फार मऊ आहेत, म्हणाले, याहून कडक मिळतात का बघ. पितळी डबा त्यांनी दुरुस्त केलाय. एक बफर अजून किंचित वाकडा आहे. तो मुद्दाम तसा ठेवलाय का हे मी विचारलं नाही. कडक खाचांचे तीन एन्कोडर मागवले आहेत, शुक्रवारपर्यंत येतील.