छेद नसलेल्या बातम्या

चालकविरहित टॅक्सींवरच्या अमेरिकी बातम्या गेली काही वर्षे मी जमवत आलो आहे. त्या एकापाठोपाठ एक वाचताना शाळेतले अपूर्णांक आठवतात. अंश छापलेला असतो, छेद गाळलेला. अपघात झाला हे कळते; किती मैलांमागे, हे कळत नाही.

छेद असतो तो कंपन्यांकडे. वेमोने स्विस री या विमा क्षेत्रातल्या कंपनीबरोबर केलेला अभ्यास डिसेंबर २०२४मध्ये आला. २.५३ कोटी मैलांत, माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत, मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्क्यांनी आणि शारीरिक इजेचे ९२ टक्क्यांनी कमी. अभ्यासात कंपनी स्वतः सामील होती, तरी हे आकडे मी हलके मानत नाही. मात्र अमेरिकेत दहा कोटी मैलांमागे साधारण सव्वा मृत्यू होतो. म्हणजे एवढ्या अंतरात माणसाच्या हातूनही सरासरीने एक मृत्यू झाला नसता. जीव वाचतात की नाही, यावर हा अभ्यास बोलूच शकत नाही.

क्रूझची गोष्ट निराळी. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माणसाने चालवलेल्या एका मोटारीने एका महिलेला उडवले. ती क्रूझच्या रिकाम्या टॅक्सीपुढे पडली. टॅक्सी तिला धडकून थांबली आणि मग कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली. गाडीखाली अडकलेली ती महिला सुमारे वीस फूट फरफटत गेली. कंपनीने पत्रकारांना दाखवलेली चित्रफीत मात्र फरफटण्याच्या आधीच संपत होती. त्यामुळे सुरुवातीच्या बातम्यांत दोषी एकच, पळून गेलेला तो मोटारचालक. (तो दोषी होताच, पण एकटा नव्हे.) २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने क्रूझचे परवाने स्थगित केले, आणि डिसेंबर २०२४मध्ये जनरल मोटर्सने टॅक्सीचा हा धंदाच सोडला. यंत्राची चूक एका रात्रीची होती. कंपनीला ती लपवणे अधिक महागात पडले, असे माझे मत आहे.

टेस्लाने २२ जून २०२५ला ऑस्टिनमध्ये सेवा सुरू केली, तेव्हा पहिले प्रवासी निमंत्रित होते. त्यांतल्या अनेकांनी स्वतःच चित्रफिती प्रसिद्ध केल्या. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकाची समीक्षा करावी, तशातला हा प्रकार. चालकाच्या शेजारच्या आसनावर कंपनीचा माणूस बसलेला होता. २०२५मध्ये सरकारकडे गेलेल्या टेस्लाच्या अपघात-अहवालांत घटनेचे वर्णन झाकलेले होते; तिथे अंशही धड हाती येत नव्हता.

म्हणून पहारेकऱ्यासह कापलेले मैल आणि पहाऱ्याविना कापलेले मैल एकाच रकान्यात मांडणारा तक्ता दिसला, की मी तो बाजूला ठेवतो.