मूलोद्योग ते मनुष्यबळ : शैक्षणिक परिभाषेची चिकित्सा

शैक्षणिक धोरणाचे उद्दिष्ट बदलले की त्याची परिभाषाही बदलते. या परिभाषेतील सामासिक शब्दांचा विग्रह केल्यास तो बदल धोरणकर्त्यांच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक नेमकेपणाने ध्यानी येतो. वर्धा येथे जन्मलेली शिक्षणयोजना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसाय यांचा पुरस्कार केला. झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघाने तो राबविला. मराठीत त्यासाठी ‘मूलोद्योग’ हा शब्द रूढ झाला. मूळ असा उद्योग, हा कर्मधारय होय. टकळीवर सूत काढता काढता गणित व भूगोल यांचा समवाय साधावा, हा आशय त्यातील ‘मूल’ या पदात आहे.

तथापि या योजनेचा गौरव करताना तिच्यातील अर्थकारण नजरेआड करता येणार नाही. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकांचे वेतन निघावे ही अपेक्षा तीत होतीच, आणि प्रा. के. टी. शहा यांनी तिला त्याच वेळी आक्षेप घेतला होता. १९४४ च्या सार्जंट अहवालाने मूलोद्योगाचे तत्त्व स्वीकारले, स्वावलंबनाची अट मात्र नाकारली.

१९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाचे शीर्षकच शिक्षण व राष्ट्रीय विकास यांची सांगड घालते. त्याने पुरस्कारिलेला ‘कार्यानुभव’ हा षष्ठी तत्पुरुष आहे: त्यात अनुभव प्रधान, कार्य गौण. शाळांतून तो बहुधा वेळापत्रकातील एक तास होऊन राहिला. शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये मांडलेली ‘मानवी भांडवला’ची कल्पना तोवर जगभर पसरू लागली होती. हा प्रवाह अटळ मात्र नव्हता. टांझानियात न्यरेरे यांनी १९६७ मध्ये स्वावलंबनासाठी शिक्षण हेच ध्येय जाहीर केले. आपल्याकडे १९८५ मध्ये केंद्रीय शिक्षण खाते ‘मनुष्यबळ विकास’ झाले. उद्योग म्हटला की करणारा गृहीतच असतो. बळ मात्र दुसराच कोणी वापरतो. येथे ‘मनुष्य’ हे केवळ पूर्वपद उरले आहे.

२०२० मध्ये मंत्रालयाला ‘शिक्षण’ हे नाव परत मिळाले. त्याच वर्षीच्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार यांच्या हाताखाली शिकावे अशी सूचना आहे. धोरणात व्यवसायशिक्षणाच्या इतरही तरतुदी असल्याने या दहा दिवसांची त्या सात वर्षांशी तुलना करून निकाल देणे न्याय्य होणार नाही. परंतु आजचा आवडता ‘कौशल्य’ हा शब्द कोणते काम व कोणासाठी, याविषयी मौन पाळतो, हे नोंदविलेच पाहिजे.

नाव बदलल्याने शाळा बदलते असे नव्हे. मूलोद्योगाच्या शाळा नाव कायम असतानाही निस्तेज झाल्या. म्हणूनच धोरणाच्या अभ्यासकाने प्रत्येक नव्या संज्ञेत शिकणारे मूल कर्त्याच्या स्थानी आहे की साधनाच्या, हे प्रथम पाहावे आणि मग तिचा शाळेतील प्रत्यक्ष व्यवहाराशी ताळा घ्यावा.