गाडी कोण चालवतंय? : ‘साइडवेज’ पुन्हा पाहताना

(चित्रपटविषयक व्याख्यानमालेतल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय तो मी गेली पंधरा-सोळा वर्षं लोकांना दाखवत आलोय. फिल्म क्लबमध्ये दाखवलाय, विद्यार्थ्यांना दाखवलाय, घरी पाहुणे आले की त्यांनाही दाखवलाय. अलेक्झांडर पेनचा ‘साइडवेज’, साल २००४. रेक्स पिकेटच्या कादंबरीवरून पेन आणि जिम टेलर यांनी पटकथा लिहिली आणि तिला ऑस्कर मिळालं. मी या सिनेमावर अनेकदा भरभरून बोललोय. आज मात्र त्यातलं थोडं मागे घ्यायचंय. म्हणजे सिनेमा वाईट आहे असं म्हणणार नाही, तो उत्तमच आहे. पण त्यात एक माणूस नाहीये, आणि तो नाहीये हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. ते कधी दिसलं? मी स्वतः भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो, तेव्हा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. मायल्स हा शाळेत इंग्रजी शिकवणारा, घटस्फोटित, कादंबरी छापून यायची वाट बघणारा माणूस. त्याचा मित्र जॅक, उतरती कळा लागलेला नट. जॅकचं आठवड्याभरात लग्न आहे. लग्नाआधीचा शेवटचा मोकळा आठवडा म्हणून दोघं मायल्सच्या जुन्या लाल साब गाडीतून कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा भागात वाईन प्यायला निघतात. मायल्सला वाईन हवी आहे, जॅकला बाई. तिथे त्यांना माया आणि स्टेफनी भेटतात, आणि पुढे जे व्हायचं ते होतं.

आता तो प्रदेश समजून घेऊ, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे डोंगर बहुतेक ठिकाणी उत्तर-दक्षिण, म्हणजे समुद्राला समांतर जातात. आपल्या सह्याद्रीसारखेच. सांता बार्बराच्या वर मात्र ते आडवे होतात, पूर्व-पश्चिम. त्यामुळे दोन रांगांमधलं सांता इनेझचं खोरं थेट पॅसिफिककडे तोंड करून उघडं पडतं. समुद्रावरचं धुकं आणि गार वारा त्या खोऱ्यातून सरळ आत शिरतो. म्हणून इतक्या दक्षिणेला, जिथे एरवी ऊन झोडपून काढेल, तिथे पिनो न्वारसारखं नाजूक, थंडीत रमणारं द्राक्ष येतं. १९७१ मध्ये रिचर्ड सॅनफर्ड आणि मायकेल बेनेडिक्ट यांनी लॉम्पोकच्या वाटेवर मळा लावला, तेव्हा ही गोष्ट सिद्ध झाली. २००१ मध्ये तिथल्या सांता रिटा टेकड्यांना वाईनचा स्वतंत्र भौगोलिक दर्जाही मिळाला. मायल्स ज्या पिनोवर जीव टाकतो, ती या वाऱ्याची आणि धुक्याची देणगी.

पण मंडळी, हा ग्रामीण भाग आहे. ब्युएल्टन, सॉल्व्हँग, लॉस ऑलिव्होस अशी छोटी छोटी गावं. मध्ये शेतं, कुरणं, द्राक्षमळे. दोन वायनऱ्यांमध्ये दहा-पंधरा किलोमीटरचा वळणावळणाचा अरुंद रस्ता. लोकल ट्रेन नाही, एसटी नाही. हाक मारली आणि रिक्षा आली, असं नाही. आणि २००४ साली फोनवर गाडी बोलवायचीही सोय नव्हती, उबरच मुळी २००९ ची. म्हणजे तिथे प्यायला जायचं तर गाडीनेच जावं लागतं, आणि पिऊन परतही गाडीनेच यावं लागतं.

आता जरा हिशोब करू. टेस्टिंग रूममध्ये साधारण पाच वाईन चाखायला देतात. एकेक ओतणं अंदाजे तीस मिलिलिटरचं. पाच ओतणी म्हणजे दीडशे मिलिलिटर, एक पूर्ण ग्लास. दिवसात चार ठिकाणं केली की सहाशे मिलिलिटर. बाटली साडेसातशेची. म्हणजे संध्याकाळपर्यंत माणशी जवळपास एक बाटली पोटात जाते, आणि तीही ‘आम्ही फक्त चाखतोय’ असं म्हणत. चाखून थुंकण्यासाठी काउंटरवर भांडं ठेवलेलं असतं. आपल्याकडची पिकदाणीच म्हणा. जाणकार थुंकतात, पर्यटक थुंकत नाहीत. पैसे मोजलेत ना! (हशा)

कॅलिफोर्नियात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूची मर्यादा ०.०८ टक्के आहे. आपल्याकडे ती शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. आपला कायदा कागदावर जास्त कडक आहे. कागदावर, असं मी म्हणालो.

तर मी गेलो तेव्हा काय झालं ते सांगतो. मुलगी-जावई लॉस एंजेलिसला असतात. मी या सिनेमाचा भक्त, हे त्यांना माहीत. ‘बाबा, तुम्हाला ते गाव दाखवू’ म्हणाले. जावई समंजस, त्याने आधीच सांगितलं, ‘मी चालवणार नाही आणि तुम्हीही चालवायची नाही. ड्रायव्हरसकट गाडी घेऊ.’ मला आधी थोडं खटकलं. कारण माझ्या डोक्यात लाल साब होती, उघडं टप होतं, वारं होतं. वाईनच्या प्रवासात चौथा माणूस कशाला? पण घेतली गाडी.

आणि गंमत बघा, सगळी भाषा ओळखीची निघाली. तासावर भाडं, किमान इतके तास घ्यायचेच, आणि मीटर सुरू होतो गाडी त्यांच्या ठिकाणाहून निघाल्यापासून. म्हणजे आपलं ‘गॅरेज टू गॅरेज’! पुण्या-मुंबईत ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’ ठरवताना जी घासाघीस चालते, तीच तिथे, फक्त डॉलरमध्ये आणि हसतमुखाने. वर ड्रायव्हरची टिप. राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाचा परवाना लागतो आणि त्याचा नंबर गाडीवर लिहिलेला असतो. आणखी एक गोष्ट कळली. साध्या खासगी गाडीत बाटली उघडणं हा तिथे गुन्हा आहे, मागच्या सीटवर बसून उघडली तरी. पण परवानाधारक भाड्याच्या गाडीत प्रवाशाला ती मुभा आहे.

हे ऐकलं आणि मला सिनेमाची सुरुवात आठवली. प्रवासाला निघाल्या निघाल्या, चालत्या गाडीत जॅक शॅम्पेनची बाटली उघडतो. मायल्स ओरडतो, पण कशावरून? बाटली गार नाहीये, अशी उघडायची नसते, यावरून! चाक त्याच्याच हातात आहे. या प्रसंगावर मी दर वेळी हसलोय आणि वर्गालाही हसवलंय.

आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत माणूस. पहिल्या वायनरीआधी त्याने एवढंच सांगितलं : आधी काहीतरी खाऊन घ्या, पाणी पीत राहा, तीनच ठिकाणं करा, चौथं कुणालाच आठवत नाही. आम्ही आत जायचो, तो बाहेर थांबायचा. गाडी सावलीत लावायची, थर्मासमधली कॉफी घ्यायची, फोनवर घरच्यांशी स्पॅनिशमध्ये बोलायचं. तिसऱ्या ठिकाणाहून बाहेर आलो, तेव्हा माझ्या गप्पा जोरात होत्या. पिनो, धुकं, पेन, कॅमेरा, सगळं. तो आरशातून बघत होता. मी त्याला विचारलं, ‘साइडवेज पाहिलात का हो?’ तो म्हणाला, ‘पूर्ण नाही. पण लोक मला त्यातल्या जागा विचारतात, म्हणून जागा सगळ्या माहीत आहेत.’

परतीच्या वाटेवर बायकोने मला हळूच विचारलं, ‘त्यांनी जेवलं का, विचारलंस?’ मी विचारलं नव्हतं.

मंडळी, हे वाक्य आपल्या घरोघरी आहे. लग्नकार्यात, सहलीत कुणीतरी एक बाई म्हणतेच, ‘ड्रायव्हरच्या जेवणाचं बघितलं का?’ म्हणजे त्याचं अस्तित्व आपल्याला माहीत असतं, फक्त आठवण करून द्यावी लागते. त्या संध्याकाळी मी हॉटेलवर परत ‘साइडवेज’ लावला आणि या वेळी सिनेमा गाडीच्या बाजूने पाहिला.

काय दिसलं? एक, सिनेमाला हा प्रश्न माहीत आहे. पहिल्या रात्री दोघं मोटेलवरून ‘हिचिंग पोस्ट’ या रेस्टॉरंटकडे हायवेच्या कडेने चालत जातात. म्हणजे दिग्दर्शक अडाणी नाही. पण दिवसा एका टेस्टिंग रूममधून दुसरीकडे जाताना ही काळजी गळून पडते. द्राक्षमळे, ऊन, संगीत, आणि गाडी धावतेय.

दोन, सिनेमात एकच अपघात आहे आणि तो खोटा आहे. जॅकचं लग्न ठरलंय हे कळल्यावर स्टेफनी त्याचं नाक फोडते. कशाने? मोटरसायकलच्या हेल्मेटने! अख्ख्या सिनेमात रस्त्याच्या सुरक्षेची ही एकच वस्तू मला दिसली, आणि तिचा उपयोग हा. (हशा) मग होणाऱ्या बायकोला नाकाचं कारण सांगायला हवं, म्हणून जॅक मायल्सची गाडी मुद्दाम झाडावर घालतो. पेनची ही कल्पना अस्सल आहे, यात शंका नाही. हे लोक खरं लपवण्यासाठी अपघातसुद्धा बनवतात. पण दुसरी बाजू बघा. जो अपघात त्या आठवड्यात खरोखर होऊ शकला असता, त्याची जागा या विनोदी अपघाताने घेतली. आपण हसलो आणि खरा प्रश्न मिटला.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मायल्स ज्या ज्या बाबतीत स्वतःला फसवतो, त्या प्रत्येकाची किंमत सिनेमा त्याच्याकडून वसूल करतो. आईच्या वाढदिवसाला तो तिचेच पैसे चोरतो. त्याची शरम आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर दिसते. मायाशी खोटं बोलतो, तिला गमावतो. कादंबरी नाकारली जाते तेव्हा तो टेस्टिंग रूममधली पिकदाणी तोंडाला लावतो. असा हिशोब चोख ठेवणारा सिनेमा एकाच ठिकाणी उधारी सोडून देतो, ती म्हणजे स्टिअरिंगमागे.

इथे कुणी म्हणेल, आणि प्रश्नोत्तरांत म्हणणार हे मला माहीत आहे, की सर, हा विनोदी सिनेमा आहे, वाहतूक पोलिसांची जाहिरात नव्हे. मान्य. पात्रांनी चांगलं वागावं अशी माझी मागणीच नाही, ती वाईट वागतात म्हणून तर गोष्ट आहे. माझी तक्रार नैतिक नाही, कलेतली आहे. स्वतःची फसवणूक हा या सिनेमाचा विषय. ‘मला चढलेली नाही, मी चालवू शकतो’ यापेक्षा मोठी आणि जास्त लोक मारणारी फसवणूक कोणती? विषय दारात उभा होता आणि सिनेमाने त्याला आत घेतलं नाही.

आणि घेता आलं असतं. मायाचं ते प्रसिद्ध बोलणं आठवा. वाईन पिताना तिला ती द्राक्षं वाढवणारी, तोडणारी माणसं आठवतात, त्यातली किती आता हयात नसतील असा विचार येतो. माया स्वतः रेस्टॉरंटात वाढणारी, स्टेफनी टेस्टिंग रूममध्ये ओतणारी. म्हणजे ग्लासामागची माणसं बघायची नजर सिनेमाकडे आहे. ती रस्त्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

सिनेमा गाजला, पिनो न्वारची मागणी वाढली, मायल्सने शिव्या घातलेली मर्लो थोडी बदनाम झाली आणि त्या खोऱ्यात पर्यटकांची रीघ लागली. आज तिथे ‘साइडवेज’च्या जागा दाखवणाऱ्या सहली ड्रायव्हरसकट विकल्या जातात. सिनेमात जो माणूस नव्हता, तो सिनेमामुळे तिथे उभा राहिला. टेस्टिंग रूममधल्या ज्या पर्यटकांच्या गर्दीला मायल्स नाकं मुरडतो, असे गट बहुधा बसने येतात. म्हणजे त्या दिवशी त्या आवारात शुद्धीवरचा चालक असलेले कदाचित तेच! मायल्सपेक्षा त्यांना वाईन कमी कळत असेल, पण परत कसं जायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं.

शेवटचा प्रसंग सांगतो आणि थांबतो. जॅकचं लग्न लागतं. मायल्स पार्टीला न जाता गाडी दुसरीकडे वळवतो आणि जपून ठेवलेली १९६१ ची ‘शेव्हल ब्लां’ एका फास्टफूडच्या दुकानात, बर्गरबरोबर, साध्या कपातून, लपवून पितो. त्या वाईनमध्ये त्याला न आवडणारी मर्लो असते, ही त्यातली गंमत. हा प्रसंग मी आयुष्यभर एकाकीपणाचं उत्तम चित्र म्हणून शिकवला, आणि तो आहेच. पण आता तो लागला की माझी नजर दुकानाबाहेर जाते. गाडी तिथे उभी आहे. तो घरी कसा जाणार?

नाशिकच्या वायनऱ्यांतून रविवारी संध्याकाळी निघणाऱ्या गाड्यांकडे बघा, हा प्रश्न फक्त कॅलिफोर्नियाचा नाही. पुढच्या वेळी हा सिनेमा दाखवला तर मी आधीसारखाच हसेन. फक्त नंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न विचारीन : गाडी कोण चालवतंय? आणि कुणी चालवायला ठेवला असेल, तर दुसरा : तो जेवला का?