त्याच भूमीचा दुसरा फेरा

उत्तरार्ध लिहिणे हे पूर्वार्ध लिहिण्याहून बिकट काम आहे. उत्तरार्धाच्या वाचकाला नव्याची हाव असते आणि जुन्याचा लोभही सुटलेला नसतो. हा प्रश्न या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्यापुढे पुन्हा उभा राहिला, तो ग्रंथालयात नव्हे, तर अकोल्यास आमच्या भगिनीच्या घरी. बाहेर वऱ्हाडचे ऊन आग ओकत होते आणि आमचे भाचे चिरंजीव पडदे ओढून एका जपानी व्हिडिओ गेममध्ये रमले होते. अमरावतीस आयुष्यभर नाटके शिकविणाऱ्या माणसाने खेळाची समीक्षा करावी, यावर काही वाचक हसतील. पहिल्या दिवशी आम्हीही हसलो. चौथ्या दिवशी चष्मा पुसून भाच्याशेजारी खुर्ची घेतली.

क्योतो येथील निन्टेन्डो कंपनीने 2017 साली ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ काढला, आणि 2023 च्या मे महिन्यात त्याचा उत्तरार्ध ‘टिअर्स ऑफ द किंगडम’. यात कथेची वाट आखून दिलेली नसते. आरंभीचा भाग सरला की लिंक नावाच्या वीराने हायरूलच्या राज्यात हवे तिकडे जावे, डोंगर चढावे, नद्या ओलांडाव्या. फळ्या, चाके, ओंडके एकमेकांस जोडून तराफा करावा वा गाडी. एका नदीला दहा जण दहा तऱ्हांनी पार करतात आणि कोणीच चुकत नाही. परीक्षेतील ठराविक उत्तरांना विटलेल्या आमच्यासारख्या शिक्षकास हे फार सुखावून गेले.

कर्त्यांचे खरे धाडस मात्र निराळे आहे. उत्तरार्धासाठी त्यांनी नवा देश रचला नाही. तीच भूमी पुन्हा घेतली. तिच्यावर आकाशात तरंगती बेटे आणि तिच्याखाली तेवढाच विस्तीर्ण काळोखा प्रदेश, एवढी भर घातली. भाचा एखाद्या टेकडीवर थबके आणि म्हणे, “मामा, इथे आधी वाट होती.” ते ऐकताच आम्हांस उत्तररामचरित आठवले.

भवभूतीच्या पूर्वजांचे पद्मपूर विदर्भातले मानले जाते. तेव्हा हा कवी आमच्याच मुलखाचा. महावीरचरितानंतर त्याने रामाला पुन्हा दंडकारण्यात आणले. प्रवाहांच्या जागी वाळवंटे झाली आहेत, दाट राई विरळ झाली आहे. डोंगर जागचे हलले नाहीत, म्हणून वन तेच एवढे पटते. पुढे तिसऱ्या अंकात भागीरथीच्या प्रसादाने अदृश्य झालेली सीता रामाच्या शेजारी वावरते आणि रामाला ती दिसत नाही. या खेळातही झेल्डा राजकन्या पुरातन काळात जाऊन पडते, ड्रॅगनचे रूप घेते आणि स्वतःचे भान हरपून युगानुयुगे आकाशात फिरत राहते. तिच्या आसवांतील आठवणी जमिनीवर कोरलेल्या प्रचंड आकृतींपाशी उलगडतात. हे कळले तेव्हा भाचा उद्गारला, “हिला शोधायला सारे राज्य पालथे घातले, अन् ही तर डोक्यावरच होती!” छायांकाचा मर्म याहून थोडक्यात आम्ही वर्गात कधी सांगितला नाही.

परंतु साम्य येथे संपते. भवभूतीचे वन स्मरणशील आहे. सीतेने वाढविलेले हत्तीचे पिल्लू तेथे तरुण गज झाले आहे, आणि वासंती रामाला तोंडावर जाब विचारते. हायरूलमध्ये पूर्वार्धातील मनोरे आणि देवळे नाहीशी झाली आहेत. त्यांचा धड हिशेब कोणी देत नाही. ज्यांच्यासाठी वीराने पूर्वी कष्ट उपसले, त्यांतले काही जण त्याला ओळखतही नाहीत. झेल्डेचे रहस्य कळल्यावरही तो मुका राहतो आणि इतर लोक तिला शोधीतच राहतात. शेवटी तिला मनुष्यरूप परत मिळते. सुखान्ताला आमचा विरोध नाही. वाल्मीकीची सीता भूमीत गेली असता भवभूतीनेही मीलनच घडविले. पण त्याआधी त्याने रामाला अंकभर रडविले. ड्रॅगन होणे म्हणजे स्वतःला कायमचे गमावणे, असे बजावून सांगितल्यावर ते गमावलेपण इतक्या सहज परत यावे, ही आम्हांस फसवणूक वाटली.

तरीही या खेळाला आम्ही पोरखेळ म्हणणार नाही. अमरावतीस परतण्याच्या आदल्या दिवशी पहाटेच निघून भाच्याला घेऊन आम्ही नरनाळ्यावर गेलो. विद्यार्थिदशेत हा किल्ला आम्ही पायी चढलो होतो. तटापाशी उभा राहून त्याने विचारले, “मामा, तुम्ही आलात तेव्हा इथे काय होते?” असा प्रश्न त्याने पूर्वी कधी विचारला नव्हता. बदललेल्या भूमीकडे पाहून तो विचारण्याची सवय या खेळाने त्याला लावली, ही त्याची थोरवी. आणि उत्तर द्यायला त्यात एकही वासंती नाही, ही त्याची उणीव.