अधिस्वीकृत, पण कशासाठी?

गावच्या विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड तपासून घ्यायचे, तर अधिस्वीकृत प्रयोगशाळा कोणती, हे आता संगणकालाच विचारता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ‘एजंट’ना अशा नोंदी शोधून देणारी साधने तयार होत आहेत. लांबलचक याद्या चाळण्याचे कष्ट वाचतात, हे खरेच. पण ‘अधिस्वीकृत : होय’ एवढ्यावर उत्तर संपत असेल, तर ते आम्हाला अपुरे वाटते.

अधिस्वीकृती प्रयोगशाळेच्या पाटीला मिळत नसते. आपल्याकडे एनएबीएल हे मंडळ आयएसओ/आयईसी १७०२५ : २०१७ या मानकानुसार ती देते, तीही ठरावीक व्याप्तीपुरती : कोणता पदार्थ, कोणती चाचणी, कोणती पद्धत, मापनाचा पल्ला किती. सिमेंटच्या चाचण्यांसाठी अधिस्वीकृत असलेली प्रयोगशाळा पाण्यातील फ्लोराइडसाठीही असेलच असे नाही. शिवाय प्रमाणपत्राची मुदत संपते, ते स्थगितही होते.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा आयएस १०५०० : २०१२ नुसार लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. इतक्या थोड्या फरकावर मुलांच्या दातांचे आणि हाडांचे आरोग्य अवलंबून असताना मोघम उत्तर कसे चालेल?

म्हणून साधनाने व्याप्ती, मुदत, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि नोंद पाहिल्याची तारीख दाखवलीच पाहिजे. नोंद सापडली नाही, म्हणजे अधिस्वीकृतीच नाही, असा निष्कर्षही त्याने काढू नये. आणि ‘अधिस्वीकृत’ हा शब्द दिसताच ‘कशासाठी?’ असे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावावी.